उजव्या हाताचा फोटो

इंद्रजितची गाडी घाटंजीच्या घरासमोर थांबली तेव्हाच उर्वशीनं ओळखलं, की दादा आज भांडायला आला आहे. एरवी तो फाटकातूनच "आई, च्या ठेव वो" म्हणून हाक द्यायचा. आज त्यानं चपला काढून भिंतीशी नीट लावल्या, पलंगावर टेकून बसलेल्या बाबांना जयभीम केला आणि लाकडी खुर्ची ओढून टेबलासमोर बसला. टेबलावर तो फोटो होता, बारा बाय सोळाच्या कागदावरचा, काळापांढरा. त्याच्याकडे त्यानं पाहिलं नाही.

त्याच्यामागून त्याची दोन्ही मुलं आली. विक्कीचा यवतमाळात लग्नाच्या शूटिंगचा धंदा होता. तीन कॅमेरे, एक ड्रोन, आणि कुठल्याही नवरीला दोन छटा गोरी करून देण्याची ख्याती. प्रियंका त्याच्याहून धाकटी, नर्सिंग करून एका दवाखान्यात लागलेली. पुसदच्या एका घरातून तिच्यासाठी विचारणा आली होती आणि पुढच्या रविवारी ती माणसं घर पाहायला येणार होती. वहिनीला ड्यूटी होती म्हणे. शहाणी बाई, उर्वशीच्या मनात आलं, बरोबर दिवस पाहून ड्यूटी लावून घेतली.

नागपूरला येत्या शनिवारी उर्वशीच्या फोटोंचं प्रदर्शन उघडायचं होतं. पांढरकवड्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवता शिकवता, सुट्ट्यांमध्ये, नऊ वर्षं तिनं ते फोटो काढले होते. सगळे फिल्मवर, सगळे काळेपांढरे. म्हातारी माणसं, आजारी माणसं, आणि त्यांना उचलणारी, पुसणारी, भरवणारी माणसं. चौदा फोटो निवडले होते. तेरा नागपूरला पोचले होते. चौदावा, भिंतीच्या मधोमध लागायचा, तो हा टेबलावरचा. मंगळवारपर्यंत तो द्यायचा होता.

फोटोत बाबा होते. डोमाजी गुरुजी, वय ब्याऐंशी, न्हाणीतल्या स्टुलावर पाठमोरे, उघडे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती. न्हाणीच्या दारातून येणारं ऊन त्यांच्या डाव्या बाजूवर पडलं होतं. मणका न् मणका मोजता येत होता. गेलेली बाजू सावलीत बुडाली होती. आणि डाव्या खांद्यावर एक हात होता, आईचा, ओला, जवळजवळ उजेडासारखाच पांढरा. हाताच्या मागे मनगटापासून सगळा काळोख.

उर्वशीचा एक नियम होता. फोटोतल्या माणसाला दाखवल्याशिवाय फोटो बाहेर जात नसे. ती मोठा कागद त्या माणसाच्या हातात द्यायची, नेमका कुठे लागणार, कोण पाहणार ते सांगायची, आणि सोबत निगेटिव्हची पट्टी आणि कैची ठेवायची. नको म्हटलं तर त्यानं ती पट्टी स्वतः कापायची. नऊ वर्षांत अकरा पट्ट्या कापल्या गेल्या होत्या. त्यातल्या दोन पट्ट्यांवरचे फोटो तिला अजून पाठ होते. पण नियम म्हणजे नियम. बाबांनाही तिनं तसंच विचारलं होतं. त्यांनी फोटो बराच वेळ मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं कैची दूर सारली. मग तिनं तो फोटो मोबाईलवर दादाला पाठवला. ते गुरुवारी. आज रविवार.

"बाबाले कळते का तू काय इचारून राह्यली ते?" इंद्रजितनं सुरुवात केली.

बाबांना सगळं कळत होतं, फक्त शब्द जड यायचे. उर्वशीनं तेच सांगितलं, आणि कळतं की नाही ते त्यांनाच विचार म्हणाली. इंद्रजित बाबांकडे वळला नाही. तो म्हणाला, की आपले लोक आजवर दुसऱ्यांनी असेच दाखवले. उघडे, हाडकुळे, हात पसरलेले. शहरातून माणसं यायची, फुटकी भांडी आणि शेंबडी लेकरं काढून घेऊन जायची आणि तिकडे भिंतीवर लावायची. आता ते काम घरचीच मुलगी करायला लागली.

"आपला आजा छप्पन साली नागपूरले गेला," तो म्हणाला, "तं जायच्या आधी पांढरा सदरा शिवून घेतला त्यानं. आंगावर दुसरा नव्हता, उसनवार कापड आनलं. काहून? तं त्या दिवशी उघडं नाही जायचं. बाबा तेरा वर्साचे होते, तेही सोबत होते. तेव्हापासून या घरात कोनी बिनसदऱ्याचा फोटो नाही काढला. आन् तू डोमाजी गुरुजीले लंगोटीवर बसवते, नागपुरातच?"

उर्वशीकडे याचं उत्तर होतं. ते तिनं गुरुवारपासून तयार ठेवलं होतं. पण ऐकताना तिला वाटलं, की दादाचं म्हणणं खरं आहे, आणि तिचंही खरं आहे. ती सावकाश बोलली. बाहेरचा येऊन काढतो आणि निघून जातो. ती दोन वर्षं दर रविवारी इथे येऊन बाबांची बादली भरत होती. सदरा घातलेल्या बाबांचे फोटो घरात वीस आहेत. म्हातारपण सदऱ्याच्या आत असतं, दादा, ती म्हणाली, आणि तू ते दोन वर्षांत एकदाही पाहिलं नाहीस.

ते लागलं. इंद्रजित जिल्हा परिषदेत अभियंता होता, महिन्यातून एकदा यायचा, फळं आणि औषधं आणायचा आणि आंघोळीच्या वेळेआधी निघायचा. प्रियंकानं खाली पाहिलं. आपल्या वडिलांना इतकं स्पष्ट कुणी बोलावं असं तिला वाटत नव्हतं, पण ती आत्याच्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसली, एवढं उर्वशीनं टिपलं.

आई, नलूबाई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या कधीपासून उभ्या होत्या ते कुणाला ठाऊक नव्हतं. पदर उजव्या खांद्यावरून पुढे ओढून घेतलेला, नेहमीसारखा. चहा झाला होता, तो विक्कीनं आत जाऊन आणला.

पुढचा अर्धा तास बोलणं तिथल्या तिथे फिरत राहिलं. इंद्रजित म्हणाला, तेरा फोटो पुरेत. उर्वशी म्हणाली, हा फोटो नसेल तर बाकी तेरा परक्यांचे राहतात. दुसऱ्यांचे आईबाप दाखवायचे आणि आपले झाकायचे, हे तिच्यानं होणार नाही. प्रियंका म्हणाली, दवाखान्यात ती रोज अशी माणसं पुसते, त्यात लाज कसली. इंद्रजितनं तिला गप्प बसायला सांगितलं. पुढच्या रविवारी कोण येणार आहे ते आठव म्हणाला. फोटोचा आणि पुसदकरांचा काय संबंध, हे उर्वशीला कळेना. तिनं तसं विचारलं. इंद्रजित चहाच्या कपाकडे बघत राहिला.

विक्कीला अशा शांततेची सवय नव्हती. लग्नाच्या धंद्यात माणूस काहीतरी बोलून वेळ निभावून नेतो. तो फोटोवर वाकला आणि कौतुकानं म्हणाला, की आत्यानं लाइट जबरदस्त पकडला आहे, आबा एकदम दगडातून कोरल्यासारखे दिसतात. मग तो म्हणाला, "पपाले ज्याचं टेन्शन हाय ना आत्या, ते मी दहा मिनटात काढून देतो. स्कॅन करू, आजीच्या हातावरचं कोड पुसून टाकू, कोनाले समजनारबी नाही."

कोड. त्या घरात हा शब्द आजवर कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता.

इंद्रजितनं डोळे मिटले. विक्कीच्या लक्षात आलं, की आपण काहीतरी फोडलं, पण नेमकं काय ते त्याला समजलं नाही. उर्वशीनं फोटो उचलून खिडकीपाशी नेला. खांद्यावरचा तो हात तिनं फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत दोन दिवस पाहिला होता. कागद द्रावणात उमलताना तो सगळ्यात शेवटी यायचा, कारण तो सगळ्यात पांढरा होता. तिनं त्याला प्रकाश म्हटलं होतं. हात ओला आहे, ऊन परावर्तित होतं आहे, असं स्वतःला समजावलं होतं. प्रत्यक्षात कॅमेऱ्यावर तिनं निळा फिल्टर लावला होता, बाबांच्या कातडीवरची रेघ न् रेघ उठावी म्हणून. सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य निळा प्रकाश गिळतं, म्हणून बाबा इतके गडद आले. जिथे रंगद्रव्यच नाही तिथे तो गिळला जात नाही. हे ती बारावीच्या मुलांना फळ्यावर समजावते. आणि आईच्या हातावर ते तिला दिसलं नाही. चव्वेचाळीस वर्षं ते न पाहण्याचंच वळण तिच्या डोळ्यांना लागलं होतं.

"लोक म्हंतीन, घरात कोड हाय," इंद्रजित हळू म्हणाला. "पोरीच्या पोटी उतरीन म्हंतीन. मले बाबाच्या सदऱ्याचंबी लागतेच. खोटं नाही बोललो मी. पन हेबी हाय."

प्रियंका उठली. उर्वशीला वाटलं, आता ही बाजू बदलणार. स्वतःच्या लग्नाचा प्रश्न आला की कोण आत्याच्या खुर्चीशेजारी बसतं? ती कपाटापाशी गेली, अल्बम काढला आणि पानं उलटू लागली. एकेक पान ती सगळ्यांपुढे धरत गेली. इंद्रजितच्या लग्नात आजीचा उजवा हात पदराखाली. विक्कीच्या नामकरणात आजी मागच्या ओळीत. बाबांच्या निवृत्तीच्या सत्कारात हात शालीच्या आत. पहिल्या पानावर यवतमाळच्या स्टुडिओतला फोटो होता. बाबा स्टुडिओचा कोट घालून, आई खुर्चीवर, मांडीवर तीन वर्षांची उर्वशी, आणि आईच्या उजव्या बाजूला, अगदी खेटून, बारा वर्षांचा इंद्रजित. एकेचाळीस वर्षांचे फोटो. त्यांत तो हात कुठेही नव्हता.

"यायनंच म्हटलं होतं त्या दिवशी," नलूबाई बोलल्या. त्या दारातून आत आल्या होत्या आणि बाबांकडे बघत होत्या. "फोटोवाल्यानं नाही म्हटलं. यायनं म्हटलं, हात मांगं घे, आन् इंद्रजितले समोर उभं कर."

पलंगावर बाबांचा डावा हात चादरीवरून सरकला. तोंडातून आवाज आला, आधी नुसताच, मग शब्द झाला. "चुकलं." त्यांनी तो पुन्हा म्हणायचा प्रयत्न केला, पण नलूबाईंनी हातानंच त्यांना राहू द्या म्हटलं.

"मले आठोते," इंद्रजित म्हणाला. त्याचा आवाज साहेबाचा राहिला नव्हता. "मी इचारलं होतं, मी बाबाच्या बाजूनं काहून नाही उभा? मंग समजलं. तवापासून आपसूकच उभा राहातो मी तिथंच. कोन्या फोटोत कोनाले सांगा लागलं नाही."

उर्वशी खाली बसली. तिला आता सगळ्यात आधी स्वतःची चूक दिसत होती. सदऱ्यावर आणि प्रतिष्ठेवर तिनं अर्धा तास वाद घातला होता. फोटोतल्या माणसाला विचारते, हा नियम तिनं अभिमानानं मिरवला होता. आणि फोटोत दोन माणसं होती. तिनं एकालाच विचारलं होतं.

तिनं पिशवीतून निगेटिव्हची पट्टी काढली, कैची काढली, दोन्ही टेबलावर फोटोशेजारी ठेवली. मग आईला खुर्ची दिली. फोटो नागपूरला लागणार, शेकडो माणसं पाहणार, पेपरात येऊ शकतो, पुसदपर्यंत जाऊ शकतो, हे तिनं एकेक करून सांगितलं. नको असेल तर काप म्हणाली. आवाज स्थिर ठेवायला तिला कष्ट पडले, कारण नऊ वर्षांत इतका चांगला फोटो तिनं काढला नव्हता, आणि तसाच पुन्हा निघणार नव्हता. ऊन, पाणी, बाबांची मान, त्या क्षणी जुळलं ते जुळलं होतं.

"आत्या, आजी नाही म्हननार तं मंगळवारी काय देशीन?" विक्कीनं विचारलं.

"काही नाही देणार. भिंत रिकामी राहील."

नलूबाईंनी फोटो डाव्या हातानं धरला. चष्मा नव्हता, म्हणून लांब धरून पाहिला, मग जवळ. बाबांच्या पाठीवरून त्यांची नजर उतरत गेली. एकदा त्या किंचित हसल्या. पाठीवरचा एक जुना व्रण त्यांना सापडला होता, डोमाजी शाळेवर जाताना सायकलवरून काट्यात पडले होते त्याचा. मग त्या हातावर आल्या आणि थांबल्या.

"हे काय दाखवलं तू?" त्यांनी विचारलं.

"तुझा हात, आई."

"हात हाय. मी कुठं हाओ?"

उर्वशीनं हाताच्या मागच्या काळोखावर बोट ठेवलं.

"मी अंधारात. यायले पानी घालाले मी, उचलाले मी, दोन वर्स झाले, आन् मी अंधारात. सारा जलम हा हात लपवला मी. तुमी साऱ्यायनं लपवला. आता दाखवला तं नुसता हातच दाखवला." त्यांनी कैची उचलली, उजव्या हातानं, पदर बाजूला झाला तरी सावरला नाही. "कोड दिसते म्हनून नाही कापत, इंद्रजित. तू उगाच खुश नोको होऊ. मले इचारलं नाही आन् मले घेतलं नाही, म्हनून कापतो."

पट्टी कापताना फार आवाज होत नाही. दोन तुकडे टेबलावर पडले. उर्वशीनं मोठा फोटोही घेतला आणि मधोमध फाडला, कारण तोही नियमात होता. विक्कीनं श्वास आत ओढला. फोटो म्हणजे काय ते त्यालाही कळत होतं, लग्नाचे का काढेना.

इंद्रजितला हवं ते झालं होतं आणि तो जिंकल्यासारखा दिसत नव्हता.

नलूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा. थंडीच्या दिवसांत त्या बाबांना याच वेळी अंघोळ घालायच्या. ऊन न्हाणीच्या दारात यायचं आणि बारापर्यंत टिकायचं. त्या उर्वशीला म्हणाल्या, "तुहा डब्बा आनला ना सोबत?"

कॅमेऱ्याला त्या डबाच म्हणायच्या. तो पिशवीतच होता.

"मंग चाल. यायचं आंग धुवाचं हाय. दाखवायचं तं मले दाखव. तोंड दाखव, हात दाखव. यायलेबी समोरून घे, पाठमोरं नोको. यायनं तवा मले लपवलं होतं, आता दोघंबी एका ठिकानी बसतो."

उर्वशीनं बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, एकदा, पूर्ण. मग डाव्या हातानं स्वतःच सदऱ्याचं वरचं बटन काढायला लागले. एका हातानं ते सुटेना. इंद्रजित ते बघत होता. तो खुर्चीवरून उठला, पलंगापाशी वाकला आणि वडिलांच्या सदऱ्याची बटनं वरून खाली एकेक करून काढली. विक्कीनं त्यांना दुसऱ्या बाजूनं उचललं.

प्रियंकानं जाता जाता आजीला सांगितलं, की पुढच्या रविवारी आजीनं आत बसायचं नाही, बैठकीतच बसायचं आणि चहा तिनंच द्यायचा, याच हातानं. पुसदला ती आजच फोन करून सांगणार होती. ते लोक आले तर माहीत असून येतील. इंद्रजित म्हणाला, की आधी घरात बोलू. प्रियंका म्हणाली, घरातच बोलून राह्यलो ना पपा, हे काय मग?

न्हाणीच्या दारातून ऊन आत आलं होतं. उर्वशीनं मीटरनं बाबांच्या गालावरचा उजेड मोजला, मग आईच्या कपाळावरचा, मग हातावरचा. तिन्ही आकडे वेगळे होते. निळा फिल्टर अजून भिंगावरच होता. तो कशाला असतो ते तिनं आईला सांगितलं, न लपवता, त्यानं डाग आहेत त्याहून पांढरे दिसतात हेही सांगितलं.

"मंग काढून टाक," नलूबाई म्हणाल्या. "जास्त नोको, कमी नोको. हाय तेवढं घे."

उर्वशीनं फिल्टर काढून खिशात टाकला. नलूबाईंनी पदर कमरेला खोचला. मनगटापासून कोपरापर्यंत हात उघडा झाला. सावळ्या कातडीत पांढरी बेटं, बोटांची टोकं पूर्ण पांढरी. त्यांनी तांब्या भरला, बाबांच्या छातीवर पाणी सोडलं आणि तोच हात त्यांच्या छातीवर सपाट ठेवला. बाबा थंडीनं शहारले आणि त्यांनी डोळे उघडे ठेवले.

"एकच काढ," नलूबाई म्हणाल्या. "दोनदा नाही बसनार मी."

उर्वशी एका विषयाचे तीन फोटो काढायची, उजेड कमी, बरोबर, जास्त. प्रयोगशाळेची सवय. ती हो म्हणाली आणि एकच आकडा ठरवला, आईच्या चेहऱ्याचा. भिंगातून पाहिलं तर उजव्या बाजूला, आई आणि दार यांच्या मधोमध, दादा उभा होता. पँटचे पाय दुमडलेले, हातात टॉवेल. तो मदतीला आला होता आणि नेमका आईचा हात झाकला जाईल असा थांबला होता. त्याला स्वतःला ते कळलं नव्हतं.

उर्वशी थांबली. बटनावरचं बोट तिनं उचललं.

नलूबाईंनी मान वळवली नाही. नजर कॅमेऱ्यावरच ठेवून त्या म्हणाल्या, "इंद्रजित, बाजूले हो बापा. मी दिसाले पाह्यजे."

इंद्रजित बाजूला झाला. त्याच्या अंगानं अडवलेलं ऊन आत आलं, बाबांच्या गळ्यावर, आईच्या हातावर, मग तिच्या तोंडावर. उर्वशीनं बटन दाबलं.